लाइफबोटीमागचा समुद्र

परत आल्यापासून कंपनीच्या कँटीनमध्ये मला धड जेवू देत नाहीत. पहिला घास तोंडात घातला की समोरून कुणीतरी विचारतंच, "वैशाली मॅडम, क्रूझ कशी होती? जहाज हलतं का? उलट्या होतात का?" मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि ओके किंवा रिजेक्ट म्हणायचं, हे माझं काम. म्हणून लोकांना वाटतं, क्रूझचंही एका शब्दात उत्तर मिळेल. नाही मिळणार. सगळं ऐकावं लागेल, आणि मी ते एकदाच सांगणार आहे.

थेरगाव

डांगे चौकातून आमच्या गल्लीकडे वळलं की पप्पूशेठचं ऑफिस लागतं. पप्पूशेठ जुन्या गावातला. स्वतःच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर त्याचा गाळा आहे, आणि भाडेकरार, गाडीचा विमा, रेल्वेची तिकिटं, सहली असं सगळं एका टेबलावर चालतं. दिवाळीनंतर त्यानं बाहेर एक फ्लेक्स लावला. पांढरंशुभ्र जहाज, निळं पाणी, आणि मोठ्या खिडकीत बसून सूर्योदय बघणारं एक म्हातारं जोडपं. वर लिहिलेलं, 'मुंबई-गोवा-मुंबई. समुद्र दिसणारी खोली. सगळं समाविष्ट. शेवटच्या चार जागा.' त्या शेवटच्या चार जागा मी महिनाभर जाता-येता बघत होते. ना त्या संपत होत्या, ना वाढत होत्या.

जहाजाचं मला काही पडलेलं नव्हतं. माझा जीव अडकला तो त्या जोडप्यात.

त्याचं कारण माझे आई-दादा. दादा परभणीकडचे, आई जालन्याची. लग्न करून दोघं पिंपरीला आले. दादा फोर्जिंगच्या कंपनीत लागले, आई भोसरीला पॅकिंगच्या. आम्ही भावंडं झालो तेव्हा पोरांजवळ होता होईल तो कुणीतरी मोठं माणूस असावं म्हणून दादांनी कायमची तिसरी शिफ्ट मागून घेतली, म्हणजे रात्रपाळी. आई पहिल्या शिफ्टला. दादा सकाळी घरी पोचायचे तेव्हा आई कंपनीत मशीनपाशी उभी असायची. संध्याकाळी काय ते दोघं एका घरात जागे, आणि त्यात स्वयंपाक, पाण्याची वेळ, आमची भांडणं. दोघांची मिळून अशी सकाळ कधी झालीच नाही.

आता दोघंही रिटायर होऊन आमच्याकडंच राहतात, पण अंगातली शिफ्ट गेलेली नाही. दादा रात्रभर टक्क जागे असतात, पहाटे कुठं डोळा लागतो, मग दुपारी पुन्हा ताणून देतात. आई पहाटेच उठून बसते. एका छताखाली राहून आजही चुकामूक. लग्नाला चाळीस वर्षं होत होती. म्हटलं, साडी-शर्ट पुष्कळ झाले, या दोघांना एक सकाळ द्यावी, एका खिडकीत बसून, समोर समुद्र.

माझा नवरा संदीप चाकणलाच दुसऱ्या कंपनीत मेंटेनन्सला आहे. तो म्हणाला, "अगं, ते फ्लेक्सवरचं जोडपं फॉरेनचं आहे. त्यांना पप्पूशेठनं नाही पाठवलेलं." पण मी कसली ऐकते!

पप्पूशेठनं खुर्ची दिली, चहा मागवला. "ताई, तुमी आपल्या गावातल्या. तुमाला कशाला फसवू? खिडकी म्हंजी खिडकी. आई-दादांना येगळी रूम, तुमा दोघांना येगळी. आन् कॅण्डल लाइट डिनर आपल्याकडून फ्री. निवांत जावा." मी पैसे भरले आणि पेढे घेऊन घरी गेले. पोरांना नणंदेकडं ठेवायचं ठरलं.

निघायला थोडे दिवस राहिले आणि कंपनीच्या बसमध्ये असताना मोबाइलवर तिकीट येऊन पडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. इनसाइड रूम, म्हणजे जहाजाच्या पोटातली, खिडकी नाही. आणि एकच रूम, चौघांना मिळून. खाली दोन पलंग, वर दोन फळ्या. फ्लेक्सवरचा भाव हा माणशी, पण चौघांनी एका खोलीत झोपायचं असेल तर, असं कुठंतरी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात होतं म्हणे. एरवी मी हातात आलेला स्क्रू भिंगाखाली धरून बघते आणि इथं एवढा मोठा फ्लेक्स नुसता लांबून बघितला.

बसमधून उतरून तशीच युनिफॉर्मवर ऑफिसात घुसले. पप्पूशेठनं दोन्ही हात वर केले.

"ताई, वरच्या कंपनीनं क्येलं ह्ये. मुंबईची पार्टी हाय. आमी निस्ते एजंट. आता फोनच उचलत न्हाईत."

"मग रद्द करा."

"क्यान्सल क्येलं तर काय बी माघारी येत न्हाई ताई. पर कॅण्डल लाइट डिनर हाय की!"

"मेणबत्ती घेऊन काय करू? खोलीत खिडकी नाही म्हणून उजेडाला?" माझा आवाज चौकापर्यंत गेला असणार. रसवंतीवाला बाहेर येऊन उभा राहिला होता.

घरी सांगितलं तर दादा हसले. म्हणाले, "राहू दे ना बाई. पिंपरीला चौघं एका खोलीत राहायलोच की आपण. ती तर याच्याहून बारीक होती." हे ऐकून मला जास्तच लागलं. त्या एका खोलीतून बाहेर काढायला तर हा सगळा खटाटोप होता. मी न जेवता उठले.

तेव्हा मध्ये पडले गायकवाड काका. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. दादांच्याच कंपनीतले, युनियनमध्ये आयुष्य गेलेलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैशाली, तू भांडून आलीस हे चुकलं. भांडण एका दिवसात संपतं. बसायचं असतं."

"कुठं बसायचं?"

"त्याच्या ऑफिसात. त्यानं खुर्ची दिलीय ना? तिथंच. उद्यापासून शिफ्ट लावू."

आणि खरंच लावली हो! ऑफिस उघडलं की पहिल्या शिफ्टला काका आणि दादा. दुपारी दुसऱ्या शिफ्टला आई आणि शेजारच्या दोघी बायका. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून मी आणि संदीप, शटर खाली येईपर्यंत. नियम एकच, आवाज चढवायचा नाही. पप्पूशेठनं चहा विचारला तर घ्यायचा, कपबशी विसळून ठेवायची. आई तर मेथीच्या जुड्या घेऊनच जायची आणि पप्पूशेठच्याच वर्तमानपत्रावर निवडत बसायची. शिफ्ट बदलताना, कंपनीत देतात तसा, रीतसर चार्ज द्यायचा, तोही पप्पूशेठच्या समोर. "मुंबईला दोनदा फोन लावला. एकदा लागला, पण साहेब मीटिंगमध्ये. एकदा बिझी. पप्पूशेठचं डोकं दुखतंय, जास्त बोलू नका." पप्पूशेठ मान खाली घालून हे सगळं ऐकायचा.

खरी गंमत गिऱ्हाईक आलं की व्हायची. काका उठून त्याला स्वतःची खुर्ची द्यायचे. तो विचारायचा, तुम्ही कशासाठी बसलात? काका अदबीनं सांगायचे, "आम्ही खिडकीची वाट बघतोय." कसली खिडकी? मग काका अथपासून इतिपर्यंत सगळी हकिगत सांगायचे, एकही वावगा शब्द न वापरता. गिऱ्हाईक म्हणायचं, मी जरा घरी विचारून येतो. ते काही परत यायचं नाही.

तिसऱ्या दिवशी पप्पूशेठची म्हातारी आई जिना उतरून खाली आली. हातात आमच्यासाठी पोह्यांचं पातेलं. आमच्या आईला मेथी निवडताना बघितलं आणि लेकाकडे वळली. "पप्प्या, लाज हाय का न्हाई तुला? म्हाताऱ्या मान्सांना बसवून ठिवलंस व्हय रं? दे की त्यांना काय खिडकी-बिडकी हाय ती!"

युनियनला जे जमलं नसतं ते त्या माउलीनं केलं. पप्पूशेठनं फोन स्पीकरवर टाकला आणि मुंबईच्या पार्टीला अशा काही शिव्या हासडल्या की शेजारच्या बायकांनी कानांवर पदर घेतला. संध्याकाळपर्यंत नवीन तिकीट आलं. आई-दादांना समुद्र दिसणारी खोली, फक्त दोघांची. आम्हाला पोटातली, पण आमची आमची. काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि पप्पूशेठला म्हणाले, "आता एकच. तू यांच्यासोबत बंदरापर्यंत जायचं. माल गेटच्या आत जाईपर्यंत सप्लायरची जबाबदारी असते."

पप्पूशेठ इतका दमला होता की लगेच हो म्हणाला.

मुंबई

त्यानं स्वतःच्या गाडीतून नेलं आम्हाला. वाटेत वडापावही त्यानंच दिले, दादांना घाटात गार लागेल म्हणून काच वर केली. अशा माणसावर रागावून राहणं फार अवघड असतं.

बंदरावर पहिली फजिती झाली ती बुटांची. माहितीपत्रकात लिहिलं होतं, पुरुषांनी रात्रीच्या जेवणाला काळे बंद बूट घालावेत. आता चाकण-भोसरीकडच्या माणसाला काळे बंद बूट म्हटलं की एकच जोड माहीत, कंपनीचे सेफ्टी शूज. संदीपनं स्वतःचे पॉलिश करून घातले होते. दादांनी रिटायर होताना मिळालेला, डब्यातला कोरा जोड काढला होता. त्या बुटांच्या पुढे आत लोखंडी टोपी असते, पायावर जॉब, म्हणजे कामातला लोखंडी तुकडा, पडला तर बोटं वाचावीत म्हणून. सिक्युरिटीच्या चौकटीतून दादा गेले आणि चौकट जी कोकलायला लागली! त्यांना मागं घेतलं, मोबाइल काढला, पट्टा काढला, पुन्हा पाठवलं, पुन्हा तेच. मागून संदीप गेला, तोही वाजला.

"काका, बुटात काय आहे?" सिक्युरिटीवाल्यानं विचारलं.

"पाय," दादा म्हणाले.

आमच्या मागं मारुंजीहून आलेलं एक तरुण जोडपं होतं, निखिल आणि स्नेहल, दोघंही हिंजवडीत कामाला. ते हसून हसून बेजार झाले. त्यांनी मोबाइलवरून बुकिंग केलं होतं, 'जाताना फुकट, येताना पैसे' अशी काहीतरी ऑफर बघून. आता कळलं होतं की येतानाचा भाव दुप्पट लावलाय. इंजिनिअर असून फसले म्हटल्यावर मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिथंच आमची गट्टी जमली.

आईची शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी मात्र बाहेर राहिली. बाहेरचं खाणं आत चालत नाही. आईनं क्षणभर विचार केला आणि डबा त्या सिक्युरिटीवाल्यांच्याच टेबलावर ठेवला. "मग तुम्हीच खा लेकरांनो. उभं राहून पाय दुखत असतील."

पप्पूशेठ दोरीच्या पलीकडं उभा होता, मान वर करून, तोंड उघडं. जहाज म्हणजे आमच्या सोसायटीच्या चार बिल्डिंगा आडव्या टाकून वर आणखी मजले चढवावेत एवढं होतं.

"ताई, ह्ये एवढं मोठं अस्तंय व्हय?"

"म्हणजे तुम्ही बघितलंच नव्हतं?"

"फ्लेक्सवरच बघितलंवतं की."

त्याला सुनवायला मी गाडीत बसून एक मोठं भाषण तयार केलं होतं. ते तसंच राहिलं. खोलीच्या चाव्या हातात पडल्यावर मी लांबून त्याला दाखवल्या. त्यानं दोन्ही हात हलवून टाटा केला, एखाद्या मुलीची पाठवणी असावी तसा.

जहाजावर

खोली सुरेख होती. पांढऱ्या चादरी, टॉवेलचा केलेला हंस, आणि समोर भिंतभर पडदा. मी सगळ्यांना उभं केलं, संदीपला व्हिडिओ घ्यायला लावलं आणि दादांना म्हटलं, "करा उद्घाटन." दादांनी पडदा ओढला.

बाहेर भडक केशरी रंगाची भलीमोठी होडी टांगलेली. लाइफबोट. खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती तीच. तिच्या पोटाखालून पाण्याची एक पट्टी दिसत होती, वरून आकाशाची एक.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोटो काढून पप्पूशेठला पाठवला. लगेच उत्तर आलं, 'समुद्र मागं हाय ताई.'

तरातरा रिसेप्शनला गेले. तिथल्या मुलीनं गोड हसून तिकिटावर बोट ठेवलं. समुद्र दिसणारी खोली, कंसात अंशतः. "मॅडम, जहाज फुल आहे. बदलता येणार नाही." मी म्हटलं, आमच्याकडं असा अंशतः चांगला माल आला तर मी ट्रकसकट परत पाठवते. ती म्हणाली, मॅडम, आता जहाज सुटलंय. मी आणखी बोलणार तेवढ्यात आईनं मागून दंड धरला. "चल बाई. तुझा बाप तिकडं त्या होडीवर खूश झालाय."

खरंच झाले होते. खिडकीला नाक लावून दादा त्या लाइफबोटीचे हूक, साखळ्या, पुल्या बघत होते. "काय मस्त काम आहे! हे उचलायचं, मग बाहेर ढकलायचं, मग खाली सोडायचं. आन् ग्रीस कसं लावलंय बघ, स्वच्छ." तासभर त्यांनी संदीपला ते समजावून सांगितलं. संदीपही ऐकत बसला. मी एकटीच फणफणत होते.

रात्री जेवायला गेलो. आपल्याकडं लग्नात पंगतीला आग्रह करतात, इथं कुणी आग्रह करत नाही पण पदार्थच एवढे मांडून ठेवतात की माणूस गांगरून जातो. आईनं सगळीकडं फिरून शेवटी वरण-भात घेतला आणि वर तीन जातींची आइस्क्रीमं. मग आला तो फ्रीचा कॅण्डल लाइट डिनर. कोपऱ्यात दोघांपुरतं टेबल, त्यावर मेणबत्ती. जहाजावर आग चालत नाही, म्हणून ती बॅटरीवरची. दादांनी उचलून खालून बघितलं, सेल कुठला आहे ते.

आम्ही मुद्दाम लांब बसलो. थोड्या वेळानं बघते तर आई खुणावतेय, इकडं या. मी मानेनंच नाही म्हटलं. शेवटी ती उठून आली. "या की गं तिकडं. आम्ही दोघंच काय बोलणार समोरासमोर बसून? सवय नाही." मी हसले खरी. चाळीस वर्षं संसार केलेली माणसं, आणि दोघांत बोलायची सवय नाही म्हणते. आम्ही खुर्च्या ओढून त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

पहाटे मला जाग आली तशी वर डेकवर गेले. आई आधीच कठड्याला धरून उभी, अंगावर शाल. एकटीच.

"दादा?"

"त्यांची शिफ्ट आत्ता सुटली. रातभर त्या होडीकडं बघत बसले, मी उठले तवा झोपले. घोरायलेत."

सूर्य वर आला, आणि समुद्राकडून नाही, मागून आला, किनाऱ्याच्या बाजूनं. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं की आपला समुद्र पश्चिमेला आहे. फ्लेक्सवरचा सूर्य पाण्यातून उगवणारा होता. आई बघत राहिली. "आपल्याच बाजूनं आला की गं. भोसरीकडून." ती हसली, पण मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्यांना उठवावं वाटलं होतं. पण रातपाळी करून आलेल्या माणसाला उठवायचं नसतं, हात पुढं होत नाही."

मला रडूच आलं. खिडकीसाठी एवढं बसलो, म्हाताऱ्यांना शिफ्टा लावल्या, आणि समुद्रात येऊनसुद्धा या दोघांची चुकामूक ती चुकामूकच.

गोवा

गोव्यात जहाज मुरगावला लागलं. पॅकेजमध्ये 'संपूर्ण गोवा दर्शन मोफत' होतं. आता मी शहाणी झाले होते. बसमध्ये चढायच्या आधीच गाइडला विचारलं, दर्शन म्हणजे कुठं कुठं? तो जरा चाचरला. एक काजूचं दुकान, एक मसाल्याचं दुकान, एक कपड्यांचं, मग पुलावरून समुद्र बघायचा आणि परत. मी म्हटलं, रिजेक्ट! मारुंजीची दोघंही उतरली. सहा जणांत एक मोठी गाडी ठरवली. गाडीवाले बाब, म्हणजे तिकडचे काका, वयानं दादांएवढे. त्यांना म्हटलं, जिथं तुमच्या घरची माणसं जातात तिथं न्या.

त्यांनी नेलं एका छोट्या किनाऱ्यावर. माडांची रांग, वाळूत ओढून ठेवलेल्या होड्या, जाळी विणत बसलेले दोघं-तिघं, बाकी कुणी नाही. आम्ही देशावरची माणसं. समुद्र आम्हाला लांबून बघायची गोष्ट वाटते. आई पाण्याच्या काठाला उभी राहून साडी वर धरत होती आणि लाट आली की किंचाळून मागं पळत होती. दादांनी ते लोखंडी टोपीचे बूट काढून हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सरळ आत चालू लागले. आई ओरडली, "अहो, कुठं चाललात? पोहता येतं का?" दादा ओरडले, "तू ये आधी, मग सांगतो!" आणि ती गेली की! हात धरून दोघं गुडघाभर पाण्यात उभी. लाट आली की एकदम उडी मारायची. स्नेहलनं फोटो काढायला मोबाइल काढला आणि मग नुसतीच बघत राहिली.

जेवण तिथंच, एका घराच्या ओसरीवर. उकडा भात, माशाची आमटी, तळलेले बांगडे आणि सोलकढी. घरच्या बाईनं आईला विचारलं, तुमच्याकडं मासे कुठले? आई म्हणाली, आमच्याकडं सुकट, आठवड्याच्या बाजारातली. मग दोघी सुकट कशी करायची यावर अशा रंगल्या की बाकीच्यांना आमटी वाढायची राहून गेली. दादांनी काट्यांचा ढीग लावला. म्हणाले, आता इथंच आडवं व्हावं. पण आईनं त्यांना झोपू दिलं नाही. "एवढं समुद्रावर येऊन घोरता काय? चला, त्या टोकाला जाऊ." नेहमी दुपारी ताणून देणारे दादा मुकाट्यानं उठले. ते वाळूतून चालत पार खडकांपर्यंत गेले, दोन ठिपके होऊन. काय बोलत होते कुणास ठाऊक. हातवारे मात्र दिसत होते, दोघांचेही.

संध्याकाळी जहाजावर गाण्यांचा कार्यक्रम होता. सगळी हिंदी गाणी चाललेली. निखिलनं जाऊन त्या वाजवणाऱ्यांच्या कानात काय सांगितलं देव जाणे, पण त्यांनी एकदम हलगीचा ठेका धरला. दादांचे खांदे आपोआप उडायला लागले. जयंतीच्या मिरवणुकीत ते पुढं असतात, हे आम्हाला माहीत, जहाजाला माहीत नव्हतं. दादा मध्ये गेले आणि असे नाचले की गुजराती, पंजाबी, सगळे गोल करून टाळ्या वाजवायला लागले. सेफ्टी शूजचा त्या लाकडी जमिनीवर काय आवाज येत होता! आई आधी पदरात तोंड लपवून हसत होती. मग दादांनी हात पुढं केला. ती नको नको म्हणत गेली आणि तिनं चक्क गिरकी घेतली. संदीप शिट्ट्या मारत होता. मला वाटलं, पप्पूशेठला आत्ता फोन करावा आणि म्हणावं, सगळं माफ.

शेवटची सकाळ

पहाटे उठून मी पुन्हा डेकवर गेले. आई असणारच, तिच्याजवळ उभं राहावं, तिला एकटं वाटू नये. आई नव्हती.

कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. चहाच्या टेबलापाशी बघितलं. उजाडायला लागलं, सूर्य किनाऱ्यावरून वर आला, लोक फोटो काढून खालीही गेले, तरी आईचा पत्ता नाही. माझी आई आयुष्यात कधी सूर्य वर येईपर्यंत झोपलेली मी बघितलेली नाही. आजारपणातही नाही. काल पाण्यात भिजली, एवढं चालली, नाचली, त्या वयात. काहीतरी झालंय. मी जिन्यानं धावतच खाली गेले आणि दार बडवलं. उत्तर नाही. पुन्हा बडवलं. "आई! आई गं!"

आतून पावलं वाजली. दार अर्धवट उघडलं. आई. केस मोकळे, गालावर उशीच्या सुरकुत्या, डोळे उघडत नव्हते. तिच्या खांद्यावरून मला आत दिसलं. पडदा उघडा होता, लाइफबोटीच्या खालून-वरून ऊन आत आलेलं, आणि त्या उन्हात पलंगावर दादा आडवे पसरलेले, गाढ झोपेत.

"काय झालं गं?" ती म्हणाली.

"तुला बरं नाही का? सूर्य केव्हाच वर आला. मी वर शोधतेय तुला..."

"बरं आहे की. रातच्याला दोघं एकदमच झोपलो." असं म्हणून ती माझ्याकडं बघत राहिली, जणू तिचं तिलाच नवल वाटत होतं. मी तिथंच रडायला लागले आणि हसायलाही लागले.

"तुम्ही या मग आवरून," मी म्हटलं. "नाष्टा बंद होईल."

"होऊ दे बंद," आई म्हणाली. "झोपू दे की गं आम्हाला."

आणि तिनं दार लावून घेतलं.